‘नेट स्लो आहे’ या वाक्याचा अर्थ काय?

‘नेट स्लो आहे’ हे वाक्य हल्ली प्रत्येक घरात दिवसातून एकदा तरी कानावर पडतं. तीनच शब्द. तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असू, की विधान खरं की खोटं हे ठरवण्याआधी त्याचा अर्थ काय ते ठरवा. या विधानातला तर एकही शब्द धड नाही. ‘नेट’ म्हणजे नेमकं काय? ‘स्लो’ म्हणजे कोणत्या अर्थानं? आणि ‘आहे’ म्हणजे कधी? सदासर्वकाळ, की रात्री नऊनंतर? हे न ठरवताच आपण उपायाला लागतो. कुणी राउटर बंद-चालू करतं, कुणी कंपनीच्या नावानं बोटं मोडतं, कुणी सरळ महागडा प्लॅन घेऊन मोकळं होतं. पैसे जातात आणि नेट होतं तिथेच राहतं.

शेवटच्या शब्दाचं आधी उरकू, कारण ते सोपं आहे. एक कागद घ्या. सकाळी सहाला, दुपारी आणि रात्री नऊला, असं तीन-चार दिवस वेग मोजून लिहून ठेवा. वेग फक्त रात्रीच पडत असेल तर गर्दीचा संशय घ्यायचा, मग ती गर्दी कंपनीच्या रस्त्यावर असेल किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वाय-फायची असेल. दिवसभर सारखाच कमी असेल तर एखादी वस्तू, तार किंवा प्लॅन याकडे बघायचं. महिन्याच्या शेवटी शेवटीच पडत असेल, तर ठरावीक डेटा संपल्यावर कंपनी वेग उतरवते, ती अट आपल्या प्लॅनमध्ये आहे का ते वाचायचं. एवढा कागद बहुतेकांकडे नसतो, आणि कागद नाही म्हणून कस्टमर केअरवाल्यापुढे आपलं काही चालत नाही.

आता ‘नेट’. मोबाइलवर आपण सिनेमा लावतो तेव्हा तो सिनेमा कुठल्यातरी सर्व्हरवरून निघतो, आपल्या कंपनीच्या जाळ्यात येतो, तिथून फायबरनं आपल्या इमारतीत येतो, भिंतीवरच्या पांढऱ्या पेटीत शिरतो, राउटरमध्ये जातो, तिथून हवेतून मोबाइलमध्ये येतो. पेटी आणि राउटर बऱ्याच घरांत एकाच डब्यात असतात. या प्रवासातला सगळ्यात अरुंद टप्पा जेवढा वेग देईल तेवढाच आपल्याला मिळतो. नळाला पाणी कमी येतं तेव्हा आपण लगेच धरणात पाणी नाही असं म्हणत नाही. आधी वरच्या टाकीत डोकावतो, मग नळाची जाळी काढून बघतो. नेटच्या बाबतीत मात्र आपण थेट धरणावर जातो.

कोणता टप्पा अडला आहे हे शोधायची रीत जुनी आहे. आपल्या नैयायिकांनी तिला अन्वय-व्यतिरेक म्हटलं. कारण असेल तिथे कार्य दिसतं का, आणि कारण काढून घेतलं की कार्यही जातं का, या दोन्ही बाजू तपासायच्या. जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३ साली तर्कशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात जवळपास हाच विचार वेगळ्या पद्धतीनं मांडला : दोन प्रसंग असे घ्या की एक गोष्ट सोडून बाकी सगळं सारखं आहे, मग फरक पडला तर तो त्या एका गोष्टीमुळे. ‘एक गोष्ट सोडून बाकी सगळं सारखं’ ही अट फार महत्त्वाची, आणि नेमकी तीच आपण पाळत नाही.

राउटर बंद-चालू करण्याचंच घ्या. तो उपाय पुष्कळदा लागू पडतो, नाही असं नाही. पण त्या एका बटणानं किती गोष्टी एकदम बदलतात बघा. राउटरची भरलेली मेमरी रिकामी होते, चालू असलेली सगळी डाउनलोड-अपलोड तुटतात, घरातली सगळी उपकरणं नव्यानं जोडली जातात, राउटर कदाचित वाय-फायचं दुसरं चॅनेल निवडतो, कंपनीशी जोडणी पुन्हा होते. पाच औषधं एकदम घेतली आणि ताप उतरला, तर कोणत्या औषधानं उतरला? शिवाय तेवढ्या दोन मिनिटांत ताप आपोआपही उतरू शकतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. महिन्यातून एकदा बंद-चालू करावं लागत असेल तर खुशाल करा. रोज करावं लागत असेल, तर मात्र आपण दुखणं शोधत नाही, दाबत आहोत.

मग करायचं काय? ज्या वेळी तक्रार आहे त्याच वेळी राउटर आणि लॅपटॉप यांच्यात लॅनची केबल लावायची, घरातली बाकीची उपकरणं वाय-फायवरून काढायची, आणि वेग मोजायचा. हा पहिला आकडा. केबल काढून, राउटरपासून दोन-तीन पावलांवर बसून, वाय-फायवर मोजायचा. हा दुसरा. जिथे त्रास होतो त्या खोलीत जाऊन मोजायचा, हा तिसरा. प्रत्येक वेळी तोच लॅपटॉप, तीच चाचणी. पहिलाच आकडा पडलेला असेल तर दोष राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे. पहिला चांगला आणि तिसरा वाईट, तर दोष हवेत, म्हणजे आपल्याच घरात. कंपनीला फोन करून उपयोग नाही, आणि प्लॅन वाढवून तर अजिबात नाही. लॅपटॉपला केबलची खाच नसेल तर दुसऱ्या आकड्यावर भागवायचं. मोबाइलवर मोजत असाल तर मोबाइल डेटा बंद आहे ना, हे आधी पाहा.

आकडे वाचताना दोन ठिकाणी लोक फसतात. प्लॅन १०० एमबीपीएसचा असतो आणि फाइल उतरवताना पडद्यावर सेकंदाला १२ दिसतात, की लगेच ‘लुटलं!’ असा आरडाओरडा. त्यात लूट नाही. प्लॅन मोजतात बिटमध्ये आणि फाइल मोजतात बाइटमध्ये. इंग्रजीत छोटा बी म्हणजे बिट, मोठा बी म्हणजे बाइट, आणि ८ बिटांचा एक बाइट. १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा. हिशेब चोख आहे. दुसरं, वेगचाचणीचं पान बहुधा सगळ्यात जवळचा सर्व्हर निवडतं, आणि तो पुष्कळदा आपल्याच कंपनीच्या जाळ्यात असतो. घरापासून नाक्यापर्यंतचा रस्ता मोजून पुणे-नागपूर प्रवासाचा वेळ सांगण्यासारखं ते आहे. म्हणून दोन वेगवेगळ्या चाचण्या घ्या. नेटफ्लिक्सची फास्ट डॉट कॉम ही चाचणी त्यांच्याच सर्व्हरपासून मोजते. एकीत उत्तम आणि दुसरीत वाईट असा निकाल आला, तर अडचण घराच्या फार पुढे आहे.

केबलवरचा आकडा ९४-९५च्या आसपास येऊन थांबत असेल आणि प्लॅन २०० किंवा ३००चा असेल, तर थोडा आनंद मानायला हरकत नाही, कारण चोर जागीच सापडला. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर प्रत्यक्षात मिळतो तो एवढाच वेग. एक तर राउटरची खाच जुन्या, शंभरच्या जातीची आहे, किंवा केबल खराब आहे. लॅनच्या केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. शंभरचा वेग दोन जोड्यांवर चालतो, हजाराला चारही लागतात. एखादी तार पिनेत तुटली की जोडणी मुकाट्यानं शंभरवर उतरते, आणि दिवे नेहमीसारखेच लुकलुकत राहतात. पन्नास-शंभर रुपयांची केबल बदलून जे होतं, त्यासाठी माणसं वर्षभर वाढीव प्लॅनचे पैसे भरतात.

हवेचा टप्पा अवघड, कारण तो दिसत नाही. आपल्याकडे राउटर कुठे बसवतात? तार खिडकीतून आली की खिडकीजवळच्या कोपऱ्यात, दारावरच्या चौकटीत, नाहीतर टीव्हीच्या मागे. तार ओढणाऱ्या मुलाला जिथे काम लवकर संपेल ती जागा. काही घरांत त्याच्यावर क्रोशाचा रुमालही असतो, म्हणजे बिचारा उन्हाळ्यात तापून आणखी मंदावतो. एके काळी छायागीत नीट दिसावं म्हणून गच्चीवर चढून अँटेना फिरवणारी आपली पिढी! ते सगळं ज्ञान आपण कसे विसरलो कोण जाणे. राउटर हाही अँटेनाच आहे. तो घराच्या मध्याकडे, छातीइतक्या उंचीवर, मोकळा असावा. सिमेंट-काँक्रीटची भिंत त्याला अडवते. लोखंडी कपाट आणि मोठा आरसा त्याहून जास्त, कारण धातूवरून लहरी परत फिरतात. आरशामागे धातूचा थर असतो. पाणीही लहरी शोषून घेतं, मग ते फिशटँकमधलं असो की माणसाच्या अंगातलं.

बहुतेक राउटर आता दोन पट्ट्यांवर बोलतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याच्या लहरी साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब, त्या भिंतींतून बऱ्यापैकी पलीकडे जातात. दुसऱ्याच्या त्याच्या निम्म्याहून कमी. त्या वेगवान, पण दोन भिंतींतच दमतात. म्हणून त्याच खोलीत असाल तर ५, लांब असाल तर २.४. घरातल्या वाय-फायच्या नावापुढे ‘५जी’ लिहिलेलं असतं ते या ५ गिगाहर्ट्झचं. मोबाइलच्या फाइव्ह-जीशी त्याचं काहीही नातं नाही, नावं सारखी आहेत एवढंच.

२.४ची आणखी एक पंचाईत आहे. त्या पट्ट्यात चॅनेल १३, पण ती एकमेकांवर इतकी चढलेली, की एकमेकांना धक्का न लावणारी जेमतेम तीनच : १, ६ आणि ११. सोळा फ्लॅटच्या इमारतीत सोळा राउटर, आणि बसायला तीन बाकडी. शिवाय वाय-फायचा शिष्टाचार असा, की एका चॅनेलवर एका वेळी एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. शेजाऱ्याचा राउटर बोलत असला तरी आपला थांबतो. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात आवाज करतो, पण तो शिष्टाचार पाळत नाही. दूध तापवताना व्हिडिओ अडकतो तो यामुळे. आणि लांबच्या खोलीतला जुना, मंद मोबाइल तेवढीच गोष्ट सांगायला दसपट वेळ घेतो आणि तोवर सगळं घर खोळंबतं. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन चॅनेल बदलता येतं. मोबाइलवरच्या वाय-फाय अॅनालायझर जातीच्या अॅपमध्ये कुठे किती गर्दी आहे ते दिसतं. त्याच सेटिंगमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी असते, तीही एकदा वाचा. पासवर्ड एक ते आठ आकडे असा ओळीनं ठेवला असेल, तर यादीत शेजारचे दोन मोबाइल निघाले म्हणून आश्चर्य वाटून घेऊ नका.

रिपीटर नावाची डबी घेऊन प्रश्न सुटेल असं दुकानदार सांगतो. साधा रिपीटर प्रत्येक गोष्ट एकदा ऐकतो आणि त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो. म्हणजे हवेत सगळं दोनदा बोललं जातं आणि वेग जवळजवळ निम्मा होतो. भिंतीतून लॅनची तार नेऊन दुसऱ्या टोकाला दुसरा राउटर जोडणं केव्हाही बरं. दिसायला बरं नाही हे कबूल.

आता मधला शब्द, ‘स्लो’. आमच्या मते सगळ्यात जास्त घोळ इथे आहे. ‘रस्ता स्लो आहे’ याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, रस्त्यावरून तासाला किती गाड्या जातात. दुसरा, एका गाडीला इथून तिथे पोचायला किती वेळ लागतो. प्लॅनमध्ये लिहिलेला आकडा पहिल्या अर्थाचा असतो. दुसऱ्या अर्थाचा आकडा, म्हणजे विलंब, जाहिरातीत कुठेच नसतो. सिनेमा बघायला पहिला लागतो. माणसाशी बोलायला दुसरा.

आमच्या परिचयातलं एक जोडपं आहे, दोघंही पंचाहत्तरीच्या पुढे. मुलगा कॅलिफोर्नियात. दर रविवारी सकाळी साडेआठला व्हिडिओ कॉल. गेल्या वर्षी वहिनी आम्हाला म्हणाल्या, ‘हल्ली तो मनापासून बोलत नाही. मी काही विचारलं की गप्प बसतो, आणि मी पुढचं बोलायला लागले की मध्येच तोडतो.’ त्यांनी फोन आटोपते घ्यायला सुरुवात केली होती. तिकडे मुलाला वाटत होतं, आईला आता बोलण्याचा कंटाळा येतो. इंटरनेट कनेक्शनवर मात्र कुणाचाच संशय नव्हता, कारण चित्र स्पष्ट होतं आणि वेगचाचणीत ५० येत होते.

झालं होतं असं. कनेक्शन जुन्या केबलवरचं. खाली उतरवण्याचा वेग ५०, वर पाठवण्याचा अवघा ५. साहेब दर रविवारी पहाटे टेकडीवर जायचे, सूर्योदयाचा लांबलचक व्हिडिओ काढायचे. सव्वाआठला घरात पाऊल ठेवलं की मोबाइल वाय-फायला जोडला जायचा आणि तो व्हिडिओ आपोआप बॅकअपला निघायचा. दीड जीबी म्हणजे १२ हजार मेगाबिट. सेकंदाला ५ या वेगानं ४० मिनिटं. कॉल संपेपर्यंत वर जाणारा रस्ता भरलेला.

इथे राउटर काय करतो ते समजून घ्या. वर जाणारा रस्ता अरुंद असला की आलेली पाकिटं तो आपल्या मेमरीत रांगेत उभी करतो. मेमरी स्वस्त झाली, तशी ही रांग लांब ठेवायची पद्धत पडली. पाठवणाऱ्या मोबाइलला रस्ता भरल्याचं कळतं ते एखादं पाकीट गळलं की. रांग लांब असली की गळत काहीच नाही, म्हणून तो बिनधास्त पाठवत राहतो. वहिनींचा आवाज म्हणजे चिमुकली पाकिटं, पण ती या रांगेच्या शेपटाला उभी राहतात. रेशनच्या दुकानात आपल्याला फक्त ‘साखर आली का’ एवढंच विचारायचंय आणि पुढे दहा जण पोती घेऊन उभे, तसं. आवाज सेकंद-दीड सेकंद उशिरा पोचतो. संभाषणासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांपर्यंत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस आहे. त्याच्या कितीतरी पलीकडे गेल्यावर माणसं एकमेकांच्या बोलण्यावर चढतात, मग दोघंही थांबतात, आणि त्या शांततेचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या स्वभावाप्रमाणे लावतो.

या दुखण्याला जिम गेटिस या अभियंत्यानं २०१०च्या सुमाराला बफरब्लोट हे नाव दिलं. २०१२मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर एक छान उतारा सुचवला : रांग किती लांब आहे हे मोजू नका, पाकीट रांगेत किती वेळ उभं होतं ते मोजा. वेळ जास्त होऊ लागला की एखादं पाकीट मुद्दाम गाळा, म्हणजे पाठवणारा हात आखडतो. काही राउटरांत ही सोय एसक्यूएम किंवा क्यूओएस या नावानं मिळते. तिथे वर पाठवण्याची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवायची. त्या घरात मात्र राउटर साधा होता. बॅकअप बंद ठेवून तो रात्री झोपताना चालू करायचा, एवढंच ठरलं. मुलगा मोठा प्लॅन घ्या म्हणून मागे लागला होता. कंपनीचा वरचा प्लॅन १००चा, पण त्यातही वर पाठवण्याचा वेग ५च. घेतला असता तर काहीही फरक पडला नसता.

हे दुखणं ओळखायचं कसं? विंडोज लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि पिंग हा शब्द टाइप करून पुढे राउटरचा पत्ता द्या. तो पत्ता राउटरच्या तळाशी चिकटवलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१ असा, टाइप करताना अर्थात इंग्रजी अंकांत. मग तसंच ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला पिंग करा. पहिला आकडा म्हणजे राउटरपर्यंत जाऊन परत यायचा वेळ, तो काही मोजक्या मिलिसेकंदांचा हवा. तोच उड्या मारत असेल तर हवेचा टप्पा बिघडला आहे. पहिला स्थिर आहे, पण कुणी मोठी फाइल पाठवायला लागलं की दुसरा विसावरून आठशेवर जातो, तर रांग तुंबली आहे. अन्वयही मिळाला आणि अपलोड थांबवून बघितलं की व्यतिरेकही मिळतो.

एक विलंब मात्र कुणालाच टाळता येणार नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर साडेतेरा हजार किलोमीटरच्या घरात. जाऊन-येऊन १३५ मिलिसेकंद तर नुसत्या अंतराचेच, आणि केबल काही सरळ जात नाहीत. तेवढं थांबून बोलायची सवय लावून घ्यावी.

आता कंपनीशी बोलणं. केबलवरचा आकडाच वाईट असेल तर ते काम त्यांचं. फायबरच्या पेटीवर एलओएसचा लाल दिवा लागला असेल तर प्रकाशच पोचत नाही, तिथे आपण काही करायचं नाही. तुटलेल्या फायबरच्या टोकात डोळा लावून तर मुळीच बघायचं नाही. दिवा ठीक असूनही वेग पडत असेल, तर पेटीच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल पॉवरचा आकडा असतो, डीबीएममध्ये. तो ऋण असतो, म्हणून वाचताना उलटापालट होते : उणे २० चांगला, उणे २७ म्हणजे जीव मुठीत धरून चाललंय. ३ अंकांनी घसरला की प्रकाश निम्मा. सोफा भिंतीला टेकवताना फायबर मुडपली गेली असेल तर एवढ्यानंही आकडा घसरतो. सोफा सरकवून पुन्हा वाचा.

फोनवर ‘नेट स्लो आहे हो’ म्हटलंत, तर ‘सर, राउटर रीस्टार्ट करून बघा’ हेच ऐकायला मिळेल. त्याऐवजी कागद समोर धरून सांगा : लॅनची केबल लावून, एकच लॅपटॉप जोडून, सकाळी सहाला ९६ आणि रात्री नऊला २२, सलग चार दिवस, ऑप्टिकल पॉवर उणे २६. मग तक्रार क्रमांक मागून घ्या आणि त्याच कागदावर लिहा. समोरचा मुलगा एरवीही मदत करायलाच बसलेला असतो, पण त्याला आपलं दुखणं कुठल्या रकान्यात टाकायचं ते कळावं लागतं.

राहिला प्रश्न प्लॅन वाढवण्याचा. फुल एचडी सिनेमाला सेकंदाला साधारण ५ मेगाबिट पुरतात, फोर-केला १५, व्हिडिओ कॉलला दोन-चार. चार जणांच्या घरात दोन सिनेमे, एक कॉल आणि एक क्रिकेटची मॅच एकदम चालू असली, तरी बेरीज पन्नासच्या आत राहते. केबलवरच्या चाचणीत पूर्ण वेग मिळतोय आणि घरातली बेरीज खरोखरच त्याच्या वर जातेय, अशी स्थिती असेल तरच वाढवा. वाढवताना विक्रेत्याला वर पाठवण्याचा वेग किती ते आधी विचारा, आणि वर्षाचे पैसे एकदम भरण्याऐवजी एक महिना घेऊन तेच तीन आकडे पुन्हा लिहून बघा.